आई-बाबांसोबत टोकियोच्या आसपासचा पानांचा मोसम

आई-बाबांना जपानला आणायचं ते साकुराच्या म्हणजे चेरीच्या फुलांच्या वेळी, असं टोकियोतल्या आमच्या निशिकासाई वस्तीतल्या बहुतेक मराठी घरांत ठरूनच गेलेलं असतं. आम्ही २०२४चा नोव्हेंबर निवडला. साकुराचा बहर आठवडा-दीड आठवड्याचा. त्यात एक जोरदार पाऊस आला की विमानाच्या तिकिटांसकट सगळं वाहून जातं. पानांच्या रंगांचं तसं नसतं. ते ऑक्टोबरात उंच डोंगरांवर सुरू होतात आणि हळूहळू खाली उतरत डिसेंबरच्या सुरुवातीला शहरातल्या बागांपर्यंत येतात. बाबांचे गुडघे दुखरे, आई शाकाहारी, शिवाय अंडंही नाही. मग रंगांच्या मागे धावण्यापेक्षा घरी राहून ते आपल्याकडे कधी येतात ते बघायचं आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं, एवढंच ठरवलं. हे सगळं कसं जमवलं ते लिहून ठेवते आहे, कारण जूनमध्ये मी स्वतः अशी माहिती शोधत होते तेव्हा क्योतोच्या फोटोंपलीकडे फारसं काही सापडलं नव्हतं.

आधी कागदपत्रं. नातेवाइकांकडे येण्यासाठी अल्पमुदतीचा व्हिसा लागतो आणि त्याची अर्धी फाइल जपानमधल्या माणसाने तयार करायची असते. निमंत्रणाचं पत्र, हमीपत्र आणि मुक्कामाचं वेळापत्रक, असे तीन मुख्य कागद. त्यांचे नमुने जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. खर्च आपण करणार असू तर सोबत जुमिन्ह्यो म्हणजे रहिवासी दाखला, वॉर्डाचा कर-दाखला आणि कंपनीचं नोकरीचं पत्र. जुमिन्ह्यो घेताना घरातल्या सगळ्यांची नावं हवीत आणि माय नंबर (सरकारी ओळख क्रमांक) सोडून बाकी काहीही वगळलेलं नको. खिडकीवर हे आधीच सांगा, कारण काही न सांगता मागितला तर निम्मे रकाने नसलेला दाखला हातात पडू शकतो. आमच्या वॉर्डात दाखल्याला ३०० येन पडले. हे दाखले अर्जाच्या वेळी तीन महिन्यांच्या आतले असावे लागतात, म्हणून जुलैत सगळं काढून ठेवण्याचा उत्साह मी आवरला आणि ऑगस्टच्या शेवटी कामाला लागले.

खरा वेळ गेला तो नात्याच्या पुराव्यात. माझा जन्मदाखला माहेरच्या नावाचा आणि नुसता मराठीत. जपानमधली सगळी कागदपत्रं सासरच्या नावाची. लग्नानंतर नाव बदललेल्या प्रत्येकीला हा सांधा जोडावा लागतो. बाबांनी पुन्हा अर्ज करून इंग्रजी मजकूर असलेला जन्मदाखला काढला आणि त्याला विवाह-प्रमाणपत्र जोडलं. यात गणपती येऊन गेले. तुमच्याकडे असा दाखला नसेल तर बाकी काही करण्याआधी तो मागवा, एवढं नक्की सांगेन.

मुक्कामाच्या वेळापत्रकात तारखेनुसार कुठे जाणार ते लिहायचं असतं. मी ओकुतामा, ताचिकावा, ताकाओ असं लिहिलं आणि मधल्या दिवसांत ‘घरी’. बाबांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं तर म्हणाले, “एवढे दिवस घरी? साहेबाला वाटेल म्हातारा झोपायलाच चाललाय.” बाबा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, उभी नोकरी सातारा जिल्ह्यात, त्यातली बरीच वर्षं पाटण डेपोत. रिकामं वेळापत्रक त्यांना बघवत नाही. पण साहेबाला काही वाटलं नाही. २३ सप्टेंबरला पुण्याच्या व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्रात अर्ज दिला आणि दसऱ्याच्या आत पासपोर्ट व्हिसासकट घरी आले. व्हिसाचं शुल्क भारतीयांना अगदी कमी आहे. केंद्राचं सेवाशुल्क, कागद पाठवण्याचं ईएमएस टपाल आणि साताऱ्याहून पुण्याच्या फेऱ्या धरल्या तरी हा खर्च मोठा नाही. मोठा खर्च विमानाचा. दिल्लीमार्गे दोघांची जाण्यायेण्याची तिकिटं सव्वा लाखाच्या आत बसली. प्रवासविमा मात्र न चुकता घ्या, इथे पर्यटकाला दवाखान्याचं पूर्ण बिल भरावं लागतं.

भाऊबीज करून निघाले आणि ७ नोव्हेंबरला नारिताला उतरले. फराळाच्या डब्यांना कुणी हात लावला नाही. आईने फोडणीसाठी आणायचं ठरवलेला कढीपत्ता मात्र मी आधीच सातारला ठेवायला लावला होता. ताजी पानं, फळं, भाज्या प्रमाणपत्राशिवाय जपानमध्ये आणता येत नाहीत, मांसाचे पदार्थ तर नाहीतच. सीमाशुल्काचा फॉर्म ऑनलाइन भरून त्याचा क्यूआर कोड दोघांच्या फोनवर आणि शिवाय कागदावर छापून दिला होता. कागदाचाच उपयोग झाला.

पहिले काही दिवस कुठे नेलं नाही. मी रोज रात्री रंगांची स्थिती सांगणारी संकेतस्थळं उघडून बसायचे. प्रत्येक ठिकाणासमोर हिरवं आहे, रंगू लागलंय, मिगोरो म्हणजे ऐन बहरात आहे किंवा गळू लागलंय, असं लिहिलेलं असतं. त्या वर्षी जपानचा उन्हाळा नोंदींतल्या सर्वांत उष्ण उन्हाळ्यांच्या बरोबरीचा होता आणि सगळंच लांबलं होतं. रात्री थंडावल्या, साधारण आठ अंशांच्या खाली गेल्या की पानातलं हरितद्रव्य मोडायला लागतं. गिंकोच्या झाडांच्या पानांत आधीपासून दडलेला पिवळा रंग मग उघडा पडतो. मेपलचा लाल रंग मात्र पानात उरलेल्या साखरेपासून नव्याने तयार होतो, त्यासाठी दिवसा चांगलं ऊन आणि रात्री गारठा दोन्ही हवं. उंची शंभर मीटरने वाढली की हवा सुमारे ०.६ अंशाने गार होते. त्यामुळे नकाशात ठिकाणाची उंची बघून पाहायचा क्रम बराचसा ठरवता येतो.

निक्को आम्ही गाळलं. तिथल्या चुझेन्जी सरोवराकडे चढणाऱ्या इरोहाझाका घाटात चढ-उताराची मिळून ४८ वळणं आहेत आणि रंगांच्या दिवसांत तिथे बस तासन्‌तास एकाच जागी उभी राहते. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या मधुमेही माणसाला अशा बसमध्ये कोंडायचं नाही, हे माझं मत. क्योतोही नाही. शिंकान्सेनचं म्हणजे बुलेट ट्रेनचं एका बाजूचं तिकीट माणशी १४,००० येनच्या आसपास, सात दिवसांचा जेआर पास (पर्यटकांचा रेल्वे पास) २०२३च्या ऑक्टोबरपासून २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेलेला आणि हॉटेलांचे नोव्हेंबरातले भाव तर विचारूच नका. सातारच्या काकांनी दर फोनवर “क्योतो झालं का?” विचारलं. नाही झालं.

पहिली फेरी बुधवार, १३ नोव्हेंबर, ओकुतामा सरोवर. हेही टोकियोच आहे, पण शहर वाटत नाही. निशिकासाईहून तोझाई लाइन, नाकानोला चुओ लाइन, ओमेला गाडी बदलून ओकुतामा, पुढे बस. सगळं मिळून अडीच-तीन तास जातात. भाडं माणशी दोन्ही बाजूंचं तीन-साडेतीन हजार येनच्या आत. त्या शरद ऋतूत एक लॉटरी लागली होती. चुओ लाइनच्या गाड्यांना ग्रीन कार म्हणजे वरच्या वर्गाचे नवे दुमजली डबे लागले होते आणि मार्च २०२५मध्ये रीतसर सेवा सुरू होईपर्यंत ते जादा पैसे न घेता खुले होते. आई-बाबा वरच्या मजल्यावर खिडकीपाशी बसून गेले. आता त्याला वेगळं तिकीट लागतं, पण ज्येष्ठांसाठी ते पैसे वाया जात नाहीत.

ओमेला बाबांनी फलाटावरचं वेळापत्रक उभं राहून वाचलं. जपानी येत नसलं तरी आकडे वाचता येतात. “ही गाडी पाच मिनिटांत जोडगाडी धरते. आणि रोज धरते?” मी हो म्हटलं. पुढचा अर्धा तास ते गप्प होते, पण घड्याळाकडे नजर होती.

ओकुतामाचं पाणी ओगोउची धरणाने अडवलेलं आहे. १९५७ साली पूर्ण झालेलं, १४९ मीटर उंच. कोयनेच्या परिसरात आयुष्य गेलेल्या माणसाला धरणाच्या भिंतीवरून निवांत चालता येतं याचंच केवढं अप्रूप! कुणी अडवत नाही, पास मागत नाही. सरोवराच्या कडेचे डोंगर मध्यावर तांबूस-पिवळे, खालची झाडं अजून अर्धी हिरवी. धरण पाण्याखाली गेलेल्या गावाच्या नावानेच ओळखलं जातं, हे मी सांगितल्यावर आईने विचारलं, “त्या लोकांना कुठं नेलं?” कोयनेच्या धरणग्रस्तांत तिची मावशी होती. माहितीकेंद्रात जुने फोटो आहेत, प्रवेश फुकट, पण बुधवारी ते बंद असतं. रंग पाहायला आलेलो आम्ही तासभर विस्थापनावरच बोलत बसलो. पण त्या दिवसातलं तेच जास्त आठवतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. दरीतलं ऊन लवकर जातं. दुपारी दोन-अडीचनंतर पानांतून येणारा प्रकाश संपतो आणि तीच पानं मळकी दिसायला लागतात. लाल पान उन्हाच्या विरुद्ध बाजूने, खालून वर बघावं. दुसरं, परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या थांब्यावर बघून ठेवा. आमच्याकडे हे खातं अर्थातच बाबांनी घेतलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

खाण्याचं सांगते. सोबा आणि उदोन या शेवया, साधी उकडलेली भाजी, सगळ्यात दाशी म्हणजे बहुधा माशाचं पाणी असतं. ‘मांस नको’ म्हटलं तरी दाशी येतेच. आम्ही दर फेरीला दशम्या, तिळाची चटणी, बटाट्याची सुकी भाजी नेली. बाकावर बसून डबा खायला इथे कुणाला काही वाटत नाही, पण कचरापेट्या नसतात, त्यामुळे पिशवी घरापर्यंत न्यायची. विकतचं काही हवं तर भाजलेली रताळी मिळतात. आईने रताळं तोंडात घातलं आणि शेंगदाण्याच्या कुटाची आठवण काढली.

१९ नोव्हेंबरला ताचिकावातलं शोवा किनेन पार्क. जुन्या लष्करी तळाच्या जागेवर १९८३ साली उघडलेली ही बाग इतकी मोठी आहे की आत चाकांची छोटी आगगाडी फिरते. निशिताचिकावा स्टेशनातून पुलावरून थेट फाटकात उतरता येतं. ताचिकावाच्या बाजूने आलं तर चालणं वाढतं. तिकीट ४५० येन, ६५ वर्षांवरच्यांना २१०. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट दाखवला की पुरे, त्यासाठी जपानचं रहिवासी असावं लागत नाही. टोकियो महानगराच्या बागांमध्येही असंच आहे आणि तरीही कितीतरी जण पालकांची पूर्ण तिकिटं काढतात. इथल्या गिंकोच्या दोन रांगा पिवळ्याधमक झाल्या होत्या, खाली तितकीच पिवळी सतरंजी. आणि वास! गिंकोची मादी झाडं फळं टाकतात, ती पायाखाली चिरडली की नको वाटतं. फोटोत हे येत नाही म्हणून लिहिते. चपला घरात नेण्याआधी तळवे धुवा.

मोठी धास्ती ताकाओची होती. ५९९ मीटरचा डोंगर, शहरापासून तासाभरावर, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी दर्शनबारीसारखी रांग. आम्ही २८ नोव्हेंबरचा गुरुवार धरला आणि मी रजा टाकली. शिंजुकु स्टेशनचं चक्रव्यूह टाळायला फुनाबोरीहून तोएई शिंजुकु लाइन घेतली. ती गाडी पुढे केइओ लाइनवर जाते. मेइदाइमाएला त्याच फलाटावर ताकाओसान्गुचीची गाडी मिळाली. नऊच्या आत पायथ्याशी पोचलो तर केबल कारला जेमतेम रांग होती. दोन्ही बाजूंचं तिकीट ९५० येन. मार्गाचा चढ एका ठिकाणी ३१ अंशांच्या वर जातो, जपानच्या केबल रेल्वेंत सर्वांत तीव्र. आईने डोळे मिटून घेतले आणि माझा हात धरला. मी “बघ, बघ” म्हणत राहिले, तिने वर पोचेपर्यंत काही बघितलं नाही.

वरून याकुओइन देवळापर्यंत फरसबंद वाट आहे. मध्ये १०८ पायऱ्या येतात, पण शेजारून बिनपायऱ्यांची सौम्य चढणही आहे. गुडघेवाल्यांनी तीच घ्यावी. देवळाच्या आवारातले मेपल त्या दिवशी बघायला हवे होते. एकाच फांदीवर टोकाला गडद लाल, मध्ये शेंदरी, खोडाशी अजून पोपटी. आई बराच वेळ बघून म्हणाली, “आपल्याकडे कुसुंब असाच लाल होतो की. पण तो चैत्राच्या तोंडावर, नव्या पालवीला.” खरं होतं. सह्याद्रीत कुसुंबाची लाल पानं म्हणजे सुरुवात, इथे लाल म्हणजे आवराआवर. शेजारच्या बाकावरच्या एका जपानी आजींना मी हे मोडक्या भाषेत सांगितलं. त्यांना फार गंमत वाटली. त्यांनी आईच्या साडीखालच्या बुटांकडे बघितलं, पिशवीतून दोन काइरो काढले आणि पाठीवर कुठे चिकटवायचे ते हातवारे करून दाखवले. ही गरम राहणारी पाकिटं शंभर येनच्या दुकानात मिळतात, कपड्यांवरून चिकटवायची, कातडीवर नाही. त्या दिवसापासून आई त्याशिवाय बाहेर पडली नाही.

शिखरावर बाबा आले नाहीत. देवळापाशीच थांबतो म्हणाले. मी आग्रह केला तर थोडे चिडलेही. “सगळं बघायलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय?” आई आणि मी वर गेलो, फुजी ढगात होता, परत आलो तर बाबा एका माळ्याचं पानं गोळा करायचं यंत्र बघत उभे होते. अकराच्या पुढे गर्दी वाढली आणि बाराला आम्ही खाली. उतरताना वरच्या स्टेशनात चढणाऱ्यांचा लोंढा बघून लवकर निघाल्याचं सार्थक वाटलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रंग शहरात आले. कोमागोमेजवळची रिकुगिएन बाग १७०२ साली यानागिसावा योशियासु या दरबारी सरदाराने बांधलेली. तिकीट ३०० येन, ज्येष्ठांना १५०. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे, अधूनमधून बाकं. संध्याकाळच्या रोषणाईचं तिकीट वेगळं असतं. आम्ही दिवसाच गेलो आणि काही चुकलं असं वाटलं नाही. साडेचारला सूर्य मावळतो, त्यानंतर पाच-सहा अंशांत म्हाताऱ्या माणसांना उभं करण्यात मजा नाही. गाइएनच्या १४६ गिंकोंच्या प्रसिद्ध रस्त्यावर पण गेलो, पण गर्दीत फक्त लोकांचे फोन दिसले, वीस मिनिटांत निघालो.

शेवटी घराजवळची ग्योसेन पार्क. निशिकासाई स्टेशनपासून चालत. तिच्यात एक जपानी बाग आहे, छोटंसं प्राणिसंग्रहालय आहे, दोन्हींना तिकीट नाही; प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असतं. मी या बागेबाबत कधी फार विचार केला नव्हता. तळ्याकाठचे मेपल ८ डिसेंबरच्या सुमाराला ऐन रंगात आले आणि बाबा रोज सकाळी एकटेच जायला लागले. रस्ता त्यांना पाठ झाला होता, खिशात आमचा पत्ता जपानीत लिहिलेला कागद आणि पैसे भरलेलं आयसी कार्ड (गाडी-बसच्या भाड्याचं कार्ड). अमुक झाड आज किती गळलं याचा अहवाल रोज चहाबरोबर मिळायचा. ताकाओपेक्षा त्यांना ही बाग आवडली, हे त्यांनी काकांना फोनवर सांगितलं तेव्हा मला कळलं.

खर्चाचं बरेच जण विचारतात. त्या वेळी १०० येन म्हणजे साधारण ५५ रुपये होते. आम्हा तिघांची सगळ्या फेऱ्यांची भाडी, तिकिटं आणि किरकोळ खाणं धरून ३५,००० येनच्या आत झालं, म्हणजे एका माणसाच्या क्योतोच्या जाण्यायेण्याला आणि दोन रात्रींच्या हॉटेलला लागले असते त्याहून कमी. विमानतळावर मिळणारं पर्यटकांचं वेलकम सुइका हे आयसी कार्ड २८ दिवसांत संपतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. मुक्काम त्याहून मोठा असेल तर साधं कार्ड मिळतंय का ते आधी बघा. त्या वर्षी चिपच्या टंचाईमुळे बिननावाच्या कार्डांची विक्री बहुतेक ठिकाणी थांबलेली होती, २०२५च्या मार्चपासून ती पुन्हा सुरू झाली.

तारखा ठरवताना नोव्हेंबरची १० ते डिसेंबरची १० हा महिना धरा. उन्हाळा कडक गेला असेल तर आणखी चार-पाच दिवस पुढे सरका. २३ नोव्हेंबरची सुट्टी आणि तिच्या आसपासचे शनिवार-रविवार घरी बसून काढा. आणि मुलीच्या जन्मदाखल्यावरचं नाव आजच उघडून बघा.